ठोकून पाहणारे नाना

माझे सासरे नाना समोर आलेली प्रत्येक वस्तू मधल्या बोटाच्या पेरानं ठोकून पाहत. टरबूज, दार, दुसऱ्याचं हेल्मेट, नव्या घराची भिंत. ठोकलं की लगेच निकाल: "भरेल शे" किंवा "पोकय शे". भरीव आणि पोकळ, जगात तिसरा माल नव्हता. मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझी पाठसुद्धा ठोकली आणि चारचौघांत सांगितलं, "भरेल शे, पन बठ्ठा कागद." भरीव आहे, पण आत सगळा कागदच. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर मी. ते वाक्य मी विसरलो नाही, विसरायचा विचारही नाही.

धुळ्याच्या बाजारात नाना आधी बैलांचे दलाल होते; बैल कमी झाले तसे जुन्या ट्रॅक्टरांचे झाले. लोक त्यांना माल पाहायला नेत, कारण ते ठाम बोलत. ठाम बोलणाऱ्याला आपल्याकडे जाणकार समजतात. मी जवळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की ठोकल्याचा आवाज ते ऐकतच नसत. कान शाबूत होते, पण निकाल आधीच ठरलेला असे. पेर नुसतं साक्षीला.

अशा माणसानं एकदा ट्रॅक्टरच्या बदल्यात शिडाची बोट घेतली. जळगावच्या एका केळी व्यापाऱ्यानं ती हौसेनं अलिबागहून आणली होती आणि शेडमध्ये तशीच ठेवली होती. अक्कलपाड्याच्या धरणात शीड लावून फिरणारा धुळ्याचा पहिला माणूस आपण व्हायचं, हे नानांच्या डोक्यात बसलं. मी काही वर्षं गोव्यात फायबरच्या बोटी बनवून परत आलो होतो आणि धुळ्यात पाण्याच्या टाक्यांचं वर्कशॉप टाकलं होतं. म्हणून त्यांनी मला तपासायला बोलावलं. खरं तर हो म्हणायला बोलावलं.

सकाळभर मी तिच्या पोटात शिरून पाहिलं. बोट वाईट नव्हती. फायबर जुन्या पद्धतीचं, जाड. आत दोघांना झोपायला जागा, शेगडीला कोनाडा. मात्र ताठ उभं राहता येत नव्हतं. खिडक्या झिरपत होत्या, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांची टोकं गंजली होती. डोलकाठीच्या बुडाशी डेकच्या आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलं होतं. हलक्या वाऱ्यात ती म्हशीसारखी चालली असती. पण तिची खरी ताकद खाली होती: पोटाखाली बोल्टांनी कसलेला बिडाचा जड पंखा, फिरणारा नव्हे, माशाच्या परासारखा. शिडात वारा भरला की बोट कलते, आणि तेच वजन तिला परत सरळ करतं. मी म्हटलं, डेक दुरुस्त करा, तारा बदला, पंख्याला हात लावू नका. बोटी तपासणारे खरोखरच ठोकून पाहतात, हेही सांगितलं. डोलकाठीपाशी ठोका, चांगल्या जागी ठोका, फरक ऐका. नानांनी बाहेरून, जिथं रंग चकाकत होता तिथं ठोकलं.

"भरेल शे."

पंख्यामुळे बोट कापसाच्या ट्रॉलीवर सपाट बसेना. नानांनी वेल्डर बोलावला, गॅस कटरनं बोल्ट कापून पंखा उतरवला आणि भोकांत पुट्टी भरली. मला कळलं तेव्हा वर रंगही लागला होता. मी भांडलो. ते हसले. "बैलना मांगे दगड बांधीसन कोन पयाडस?"

पोळ्याच्या दिवशी बोट धरणावर नेली. डोलकाठीला गोंडे, कडेला झूल, पुढच्या टोकाला बाशिंग. सोयरेधायरे जमले होते. पहिला मान लेकीचा, म्हणून माझी बायको सविता आणि आमची सात वर्षांची मुलगी आत जाऊन बसल्या. मी काठावरून सविताला उतरायला सांगितलं.

"जवाईबापू, तुमी टाक्या करा," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माल मी दखस."

लोक हसले. सविता लहानपणापासून नानांच्या निकालावर वाढलेली. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, मग मला विचारलं, "खरंच उलटेल?"

"उलटेल."

ती मुलीला कडेवर घेऊन उतरली. नानांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. एकटेच शीड ओढून निघाले. काठापासून थोडं लांब जातात तोच वारा आला आणि बोट एखादा दमलेला बैल बसावा तशी अंग टाकून आडवी झाली, डोलकाठी कुजक्या बुडाशी मोडली, मग बोट पालथी. पाणी छातीभरच होतं. नाना टोपीशिवाय वर आले, उलट्या बोटीचं पोट ठोकलं आणि म्हणाले, "माल खोटा निंघना." खोट निघाली ती मालात, त्यांच्या पारखीत नाही.

आठवड्यात नानांनी बाजारभर करून टाकलं, "जवाईनी पास करेल व्हती." इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण माझं काय, मी टाक्या विकत राहिलो. शिक्षा सविताला झाली. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी न्यायला भाऊ आला नाही. शेजारच्या लेकी झोक्यावर बसायला आपापल्या गावी गेल्या. ही पिशवी भरून दारात बसली, आणि दिवेलागणीला तिनं ती रिकामी केली. त्यानंतरही कोणी आलं नाही. लेक बोटीतून उतरली, एवढाच गुन्हा.

नाना गेल्या वर्षी गेले. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, लोकांनी त्यांच्या पारखी नजरेची भाषणं केली. मी मागं उभा राहून ऐकली आणि तोंड बंद ठेवलं, तेही सवितासाठी. खळ्यात बोट पालथी पडली होती, आणि ज्या पंख्याला नानांनी बिनकामाचा ठरवलं होतं, त्याला माझ्या मेहुण्यानं गोऱ्हा बांधला होता. गोऱ्हा हिसके देत होता. पंखा जागचा हलत नव्हता.

भाषणं चालू असताना सविता उठून बोटीपाशी गेली. अगदी बापासारखं मधलं पेर वाकवून तिनं ठोकलं. मग थोडं सरकून दुसरीकडे ठोकलं, आणि मान तिरकी करून तशीच थांबली. आवाज काय आला ते मी विचारलं नाही. नाना असते तर त्यांनी ठोकायच्या आधीच सांगितलं असतं.