पाठ करून ऐकणारे उस्ताद

भिंगारच्या मैदानावर मी रोज सकाळी पळायला जातो, तेव्हा एक निवृत्त फौजी आधीच आलेले असतात. फौजेत कमांडोंकडून कसरत करून घेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता कमांडो निवडीची तयारी करणारे जवान रजेवर आले की त्यांच्याकडे येतात आणि त्यांना उस्ताद म्हणतात. जवान पळू लागले की उस्ताद त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि पावलांचा आवाज ऐकतात. डोळे रुबाबाला भुलतात, कान भुलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या सोमवारी त्यांनी सगळ्यात वेगानं पळणाऱ्या श्रीगोंद्याच्या जवानाला थांबवलं.

"डावा पाय चोरतोयस. नडगी कवापासून दुखती?"

"पंधरा दिस झाले. पर सहन व्हतंय, उस्ताद. आठ दिसांनी निवड हाय."

"सहन करूनच हाड मोडशील. मंग कायमचाच घरी बसशील."

"गावात लोक भित्रा म्हनतील."

"म्हनू दे. तिकडं डोंगरात तू पडलास, तर तुला उचलायला दोघं अडकतील. त्यांचं काय?"

एवढं बोलून उस्ताद सगळ्यांसमोर मातीत गुडघे टेकून बसले आणि त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडू लागले. "पुढल्या खेपेला जा. धडक्या पायानं जा."

शौर्यकथा वाचत वाढलेल्या मला माघार हा शब्द शिवीसारखा वाटायचा. त्या सकाळी मात्र उस्तादांच्या अभिमानानं माझी मान ताठ झाली.

जवानानं डोळे पुसले. मग तो खाली बसला आणि उजवा बूट त्यानं स्वतःच काढला.