उजवीकडं सोयाबीन

आमच्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉल शिकलेला गडी डाव्या बाजूनं कुणाला ऐकत नाही. मी कॅप्टन होतो, मला विचारा. अंगणाएवढ्या जागेत आम्ही बॉल असा फिरवायचो की समोरच्याचं डोकं गरगरावं. उजव्या बाजूचं मात्र विचारू नका. उजवीकडं सोयाबीन असायचं.

आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावकडं दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी होते. ओलं बी तसंच बाजारात नेलं की व्यापारी दोन दाणे दाताखाली धरतो आणि तोंड वाकडं करतो. म्हणून ते वाळवायचं. दिवसभर ऊन लागणारी सपाट, टणक जागा गावात एकच, आमचं मैदान, आणि आमचा सीझनही नेमका तेव्हाच. प्राचार्यांनी एकदा मनाईची नोटीस लावली होती. पण सगळ्यात मोठी ताडपत्री त्यांच्याच भावाची निघाली आणि नोटीस गुपचूप निघाली. त्या ताडपत्रीला लागून आमच्या घरची. भांडायचं तरी कुणाशी? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आमचं अंगण वाकडं नव्हतं, अर्धं होतं, आणि आम्हाला नाचता येत होतं.

नियम एकच होता, तो कुणी केलेला नव्हता. बॉल सोयाबीनमध्ये गेला की खेळ थांबवायचा. जवळच्यानं बूट काढायचे, ताडपत्रीच्या कडेनं वाकून बॉल हातानं उचलायचा, हात कपाळाला लावायचा आणि बॉल परत फेकायचा. धान्याला पाय लावायचा नाही, हे आम्हाला चालता येण्याआधीपासून माहीत. सुरुवातीला खेळाचे सर चिडायचे. मग एक दिवस बॉल त्यांच्याकडूनच तिकडं गेला, आणि त्यांनीही चपला काढल्या.

त्या वर्षी प्राचार्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "पोरांनो, दोन वर्षं झाली, एक सामना जिंकला न्हाई तुमी. औंदा बी तसेच आले तर टीम बंद. गोलाचे खांब कापून मोटारसायकलींना शेड करून टाकतो. लेकरांच्या गाड्या उन्हात करपून राहिल्यात." ते थट्टा करत नव्हते. गावातल्या वेल्डरनं येऊन खांबांना टेप लावून पाहिला होता. ते पाहून माझं असं डोकं फिरलं की मी तो टेप हिसकावणारच होतो. त्या खांबांमध्ये मी माझा पहिला गोल मारला होता. कबड्डीच्या गावात फुटबॉल खेळतो म्हणून सगळ्या गावाचं ऐकून घेतलं होतं. आणि आता तिथं गाड्या लावणार? मी म्हणालो, "सर, वेल्डरला सांगा, दुसरं काम बघ."

गटात आमचे दोन सामने होते, दोन्ही हिंगोलीच्या मैदानावर. जीपमध्ये कोंबून गेलो. मैदान पाहिलं आणि पोरं जीपपाशीच थांबली. एवढं रिकामं मैदान आम्ही सीझनमध्ये पाहिलंच नव्हतं.

पहिला अर्धा सामना आम्ही गाजवला. डावीकडून असे घुसलो की शहरातल्या त्या पोरांना घाम फुटला. मग त्यांच्या एकानं बॉल लांब मारला आणि तो आमच्या उजव्या कोपऱ्याकडं, आमच्याच पेनल्टीच्या चौकोनात घरंगळत आला. तिथं आमचा बॅक होता. तांड्यावरचा गडी, रेड्यासारखी ताकद आणि गायीसारखा स्वभाव. तो बॉलपाशी गेला, थांबला, वाकला, बॉल हातानं उचलला, हात कपाळाला लावला आणि बॉल आमच्या गोलकीपरकडं फेकला. गोलकीपरनंही तो निवांत झेलला. आम्ही कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

रेफ्री क्षणभर तसाच उभा. मग शिट्टी वाजली, त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, सामना गेला.

खेळाचे सर मैदानाबाहेर डोक्याला हात लावून बसले होते. त्यांनी बॅकला विचारलं, "काहून उचलला बे?"

तो खाली मान घालून म्हणाला, "पाय कसा लावणार, सर?"

पलीकडच्या टीमची पोरं खिदळत होती. "ए सोयाबीनवाले!" एकानं हाक मारली. मी त्याच्या अंगावरच जाणार होतो, सरांनी कॉलर धरून मागं ओढलं. पण खरं सांगू का, राग त्याच्यावर नव्हता. सामनाभर उजवीकडं मीही गेलो नव्हतो. मी उजव्या विंगला खेळणारा माणूस, आणि एका ठरावीक जागेवर आलो की पाय आपोआप डावीकडं वळायचे. बॅकचं दिसलं, माझं दिसलं नाही, एवढाच फरक.

संध्याकाळी परत आलो तर माय मैदानावरच होती. दव पडायच्या आत सोयाबीन गोळा करून ढीग करत होती. मी फावडं घेतलं. तिनं विचारलं, मी सांगितलं. बॅकनं बॉल उचलल्याचं सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि मला असं वाईट वाटत होतं की सांगता सोय नाही. उद्या हरलो की हे मैदान नुसतं सोयाबीनचं.

"हसू काय लागली? टीम बंद करून राहिलेत ते."

"अरे, पण चुकून पाय पडला धान्यावर, तर काय करतो आपण?"

"हात लावतो, कपाळाला लावतो."

"अन् मग?"

"मग काय, जातो पुढं."

"व्हय ना? का तिथंच बसून राहतो? मग जाय की पुढं." एवढं बोलून तिनं ताडपत्रीचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक ओढायला गेली.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी मी सगळ्या टीमला उजव्या कडेला नेलं. बसायला लावलं. सगळ्यांनी जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. "माफी मागून झाली," मी म्हणालो. "आता तुडवा." पलीकडची टीम बघत राहिली. त्यांना वाटलं, आमची काही पूजा असेल. बॅक मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या हाताचा भरवसा न्हाई गड्या." आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले. सगळा सामना तो तसाच खेळला, एखाद्या मास्तरासारखा.

या टीमनं आमचा आदल्या दिवशीचा खेळ पाहिला होता. त्यांनी सगळी माणसं आमच्या डाव्या बाजूला आणून ठेवली. बराबर होतं त्यांचं. उजवीकडं काळं कुत्रं नव्हतं. पहिला हाफ असाच गेला. मी दोनदा त्या बाजूला निघालो आणि दोनदा पाय अडले. तिथं हिरवं गवत होतं, मला पिवळंच दिसत होतं.

सामना संपत आला तेव्हा बॉल पुन्हा तिकडं गेला. मी धावलो. ती जागा आली, पाय आखडले, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "जाय की पुढं." कुणाला म्हणालो कुणास ठाऊक. पण गेलो. अख्खा कोपरा मोकळा होता, कुणी आडवं यायला नव्हतं. कडेला पोचून मी बॉल गोलासमोर उंच मारला. तिथं आमचा बॅक आला होता. त्यानं तिथं यायचं कामच नव्हतं. हात पाठीमागं, मान पुढं, डोळे मिटलेले. बॉल त्याच्या कपाळावर आपटला आणि आत गेला. त्यानं डोळे उघडले ते पोरं अंगावर पडल्यावर.

पुढच्या फेरीत आम्ही हरलो, आणि चांगले हरलो, झाकून कशाला ठेवू? पण एक सामना जिंकला होता. जिंकलो त्या संध्याकाळी गावात जीप शिरली तेव्हा प्राचार्य मैदानावरच होते, भावाच्या ताडपत्रीपाशी. सरांनी निकाल सांगितला. प्राचार्यांनी खांबांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. "मग रंग द्या की त्यांना," ते म्हणाले. "गंजून राहिलेत."

आता मी गोरेगावातच बी-बियाण्याचं दुकान चालवतो. दसऱ्यानंतर कामानिमित्त कॉलेजकडं जाणं होतं. परवा गेलो तर डावीकडं नवी पोरं खेळत होती, उजवीकडं पिवळं सोयाबीन पसरलेलं. पण ताडपत्र्या थोड्या आत सरकवलेल्या होत्या, आणि मैदानाच्या कडेनं माणूस पळेल एवढी मोकळी पट्टी सोडलेली होती. त्या पट्टीवरून एक पोरगं बॉल घेऊन सुसाट गेलं, बूट घालून. मी ते बराच वेळ बघत उभा राहिलो. मग निघायला म्हणून मोटारसायकलवर बसलो आणि चटका बसून उभाच राहिलो. शेड नाही ना, सीट तव्यासारखं तापलं होतं. मी परत बसलो, नीट टेकून.