घाई नसलेल्या बाई

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या लायब्ररीतल्या एका वयस्क ब्लॅक बाईंमुळे मी अजून शिकते आहे. त्यांचं नाव मला ठाऊक नाही.

मी आठवीत शाळा सोडलेली. इथे लायब्ररीतच शाळा पुरी करायचा क्लास लावला, पण अपूर्णांक आले आणि घाबरून मी क्लास सोडायचं ठरवलं. तेच सांगायला गेले आणि चुकून शेजारची खोली उघडली. आत काही ब्लॅक बायका खुर्च्यांवर डोळे मिटून बसल्या होत्या. मला सत्संग वाटला, म्हणून बर्फातले बूट बाहेर काढून मी जमिनीवर बसले. रिकाम्या खुर्च्याही होत्या.

थोड्या वेळाने त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क बाईंनी, म्हणजे याच बाईंनी, एका मुलीला विचारलं, "या आठवड्यात काय केलंस?"

"काही नाही, मॅम. सकाळी प्रार्थना केली आणि गप्प बसले."

"छान. आता पुन्हा तेच कर."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू, हनी?"

"क्लास सोडतेय. मला फार हळू जमतं."

बाईंनी चष्मा पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. "देवाला घाई नाही. तुला कुठली गाडी पकडायचीय?"

मला कुठलीच पकडायची नव्हती. मी बूट घालून क्लासात जाऊन बसले.

पास झाले की बाईंना घरी जेवायला बोलावणार आहे. त्यांनी मात्र भरपूर जगायला हवं, कारण मी खरंच हळू शिकते.