जिनाच्या फाटकावरचं भजन

परवा सुनेबरोबर शेगावहून परत येत होते. मलकापूरच्या अलीकडे गाडी रेंगाळली आणि खिडकीतून आमचं जुनं जीन, कापसाचा कारखाना, दिसलं... पत्रे उडालेले, आत बाभळी माजलेल्या. सुनेला म्हटलं, इथं मी काम केलंय. तिला खरंच वाटेना.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. मी आणि माझ्या सासूबाई गंगाबाई, दोघी एकाच रेच्यावर कापूस टाकायचो. रेचा म्हणजे सरकी वेगळी करणारं यंत्र. संध्याकाळपर्यंत रुईनं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसानं, पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या... घरी आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो.

सासूबाईंचा खरा जीव मात्र भजनात. दर गुरुवारी देवळात बायकांचं भजन असायचं आणि पुढे उभ्या राहून त्या म्हणायच्या. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा बैलगाडी थांबवायचा. देवळाचे पंच मात्र सगळे जिनाच्या शेठच्या बैठकीतले.

एका दुपारी शेजारच्या रेच्यावरच्या वच्छलाचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात गेला... आणि पदरापाठोपाठ हात. ती बौद्धवाड्यातली, माझ्याच वयाची. ती किंकाळी आजही कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. वच्छलाची नणंद सुभद्राही जिनातच होती. ती सरळ मुकादमापुढे गेली. पट्ट्यांना जाळी बसवा आणि वच्छलाला बरी झाल्यावर बसून करायचं काम द्या, एवढंच म्हणाली. मुकादम हसला. बौद्धवाड्यातल्या सगळ्या बाया तिथूनच घरी निघून गेल्या.

आम्हा बाकीच्यांना तो म्हणाला, "त्याइचं थे पाह्यतीन. तुमाले काय करा लागते?"

संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "चाल, इहारात जाऊन येऊ." विहार म्हणजे तेव्हा नुसत्या मातीच्या भिंती, वर छप्परही नव्हतं. मी त्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत बायका बसलेल्या.

सासूबाई दारातच टेकल्या आणि म्हणाल्या, "सुभद्रे, पानी दे वं." सुभद्रा क्षणभर बघतच राहिली. मग तांब्या भरून आणला. सासूबाई तांब्याला तोंड लावून घटाघटा प्याल्या... भाषण असं काही झालंच नाही.

परतताना मी विचारलं, "आत्याबाई, पंच आता देवळात पाय ठिवू देतीन काय?"

"मशीन काई जात पाहून हात वढत नाई, बाई," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बौद्धवाड्यातल्या आणि आम्ही, सगळ्याजणी काम बंद करून जिनाच्या फाटकासमोर बसलो. पंचांचा निरोप आला... कामावर जा, नाहीतर गुरुवारी देवळात येऊ नका. त्या दिवशी सासूबाई चुलीपुढे बसून रडल्या. मी बघितलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. सकाळी टाळ पदरात गुंडाळून त्या पुन्हा फाटकावर हजर.

मग शेठनं आमच्या जागी कामाला घाटावरून, बीबी गावाकडून, ट्रकभर बाया आणल्या. ट्रक लांबून दिसला आणि आमचं अवसानच गळालं. त्यांच्याशी भांडायचं कसं? त्याही आमच्यासारख्याच पोटासाठी आलेल्या.

सासूबाईंनी टाळ काढले आणि भजन सुरू केलं.

ट्रकमधल्या बाया उतरल्या, फाटकापर्यंत आल्या... आणि थांबल्या. चालू भजनातून पाय टाकून कोण जाणार? मुकादम ओरडत होता, "चाला नं वं, काऊन थांबल्या?" त्यांच्यातली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "भजन होऊ द्या, मंग जातो."

आता भजन संपू द्यायचं नव्हतं! एकामागून एक अभंग... ऊन चढलं, सासूबाईंचा घसा बसत चालला. शेवटी आवाज फुटेना तेव्हा त्यांनी टाळ सुभद्रापुढे धरले.

सुभद्रा गोंधळली. "गंगामाय, आमच्यात आता देवाचं म्हनत नाई..."

"तं तुमचं म्हन. पन खंड पडू देऊ नोको."

आणि सुभद्रानं बुद्धवंदना सुरू केली. बौद्धवाड्यातल्या बायांनी हात जोडले. ते शब्द आम्हाला येत नव्हते, घाटावरच्या बायांनाही येत नव्हते... पण त्या म्हातारीनंही हात जोडले आणि ती आमच्यात खाली बसली. मग एकेक करून सगळ्याच बसल्या. दिवस कलला तेव्हा ट्रक त्यांना घेऊन माघारी गेला.

दुसऱ्या बाया मिळेनात तेव्हा शेठ नमला, पट्ट्यांना जाळ्या लागल्या. वच्छलाला रुईतला कचरा निवडायचं काम मिळालं... एका हातानं करायची बिचारी. हात तर गेलाच ना.

नंतर एक पंच स्वतः घरी आले. म्हणाले, "गंगाबाई, झालं गेलं जाऊ द्या. या आता भजनाले."

सासूबाई म्हणाल्या, "येतो. सुभद्रीलेबी घेऊन येतो."

पंच चहा न पिताच उठले. सासूबाई त्या देवळात पुन्हा कधी गायल्या नाहीत. गुरुवारचं भजन आमच्या ओट्यावर होऊ लागलं. सगळं छान झालं असं नाही म्हणणार मी... देवळातून टाळांचा आवाज आला की त्या काम करता करता थबकायच्या.

काही वर्षांनी जिनात रीतसर युनियन आली. सासूबाईंना तो शब्द कधी जमला नाही, 'युनान' म्हणायच्या. पहिली सभा आमच्याच ओट्यावर भरली. पुढारी भाषणाला उठले, तर सुभद्राबाईंनी त्यांना हातानं खाली बसवलं आणि म्हणाल्या, "थांबा साहेब... आंधी गंगामायचा आवाज होऊ द्या."

त्या आवाजाच्या घरात मी सून म्हणून आले... आणखी काय मागायचं असतं माणसानं?