पाचव्या शीलाचा खोकला

पुंजाराम पगारे अकरा वर्षं दर रविवारी एकाच ठिकाणी खोकत आला होता.

नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या विहारात वंदना सांगायचं काम त्याच्याकडे होतं. तो पुढे म्हणे, लोक मागून म्हणत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पहिली चार शीलं निर्विघ्न पार पडत. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. तिथे पुंजारामला खोकला येई, आणि लोकांना पाठ असल्यामुळे ते आपणच ती ओळ म्हणून टाकत. विहारात येणारी साळूबाई तेवढी त्याच्यासाठी दर आठवड्याला आल्याच्या वड्या आणी.

ओझरच्या कारखान्यात तो फिटर. बायकोचं रडणं, मेहुण्यांच्या बैठका, डॉक्टरांची तंबी, यांतलं काही त्याला घाबरवू शकलं नव्हतं. एके सकाळी हातातला मायक्रोमीटर थरथरू लागला आणि पोटात दारू गेल्याशिवाय थांबेना, तेव्हा मात्र तो हादरला.

दवाखान्याच्या फलकावर नेत्रशिबिराच्या कागदाशेजारी एक चिठ्ठी होती: दारू सोडायची असेल तर फोन करा. पुंजारामने नेत्रशिबिराचा कागद तीन दिवस इतक्या बारकाईने वाचला, की कंपाउंडरने विचारलं, "पगारे, फारच कमी दिसतं का हो?" नंबर त्याने 'गॅस एजन्सी' या नावाने साठवला.

सभा मंगळवारी संध्याकाळी सातला, पंचवटीतल्या एका शाळेत. मंगळवारी संध्याकाळी कॉलनीतलं कोणी पंचवटीत यायचं कारण नव्हतं. तरी तो गल्लीच्या तोंडाशी मेथीच्या जुड्या चाचपत अर्धा तास उभा राहिला. शेवटी भाजीवाली म्हणाली, "दादा, घ्यायची का नुसतीच बघून पसंत करायची?" तेव्हा तो जिना चढला.

वर्ग चौथीचा. बाकांत गुडघे मावत नव्हते. सभा चालवत होते निसारभाई, सोफे शिवणारे. रीत अशी, की प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं, आणि बाकीच्यांनी एका सुरात त्याला नावाने नमस्कार करायचा. पुंजारामला वाटलं, ही तर वंदनाच. फक्त इथे पाळीपाळीने सगळ्यांनाच पुढे म्हणावं लागतं.

त्याची पाळी आली. "मी..." तो म्हणाला, आणि खोकला आला. सवयीने त्याने वाट पाहिली. पण इथे पुढची ओळ कोणालाच पाठ नव्हती. सगळे नुसते बघत राहिले. उघड्या खिडकीतून खालच्या दुचाकी ऐकू येत होत्या. त्यांतली कोणतीही ओळखीच्या माणसाची असू शकत होती. तोंडात पहिलं जे नाव आलं ते त्याने सांगून टाकलं.

"बुद्धभूषण. दारुडा."

"नमस्कार, बुद्धभूषण!"

बुद्धभूषण सर विहाराचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. चहासुद्धा घेत नसत. कॉलनीत पुंजाराम ज्यांना सर्वांत जास्त घाबरे, त्यांनाच त्याने भर सभेत दारुडा करून ठेवलं होतं.

तरी तो जात राहिला, कारण त्या मंगळवारपासून त्याने घेतली नव्हती. बाहेर एकमेकांना ओळख दाखवायची नाही, असा सभेचा नियम होता. तो सगळे पाळत, झिपरू नावाच्या एका रिक्षावाल्याशिवाय. एकदा सिग्नलला पुंजारामच्या गाडीशेजारी त्याची रिक्षा येऊन थांबली. पुंजारामच्या मागे त्याची बायको लताबाई बसलेली.

"काय बुद्धभूषणभाऊ! आज कितवा दिवस?"

पुंजारामने आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडला.

"तुम्हाला बुद्धभूषण म्हणाला तो?" लताबाईने विचारलं.

"दुसऱ्या कोणाला तरी."

"तिथं आपण दोघंच होतो." ती त्याच्या कानाशी झुकली. मग म्हणाली, "मंगळवारी ओव्हरटाइम करून येता, तर हल्ली तोंडाला वास येत नाही. तो ओव्हरटाइम कुठला का असेना, बुडवू नका."

आता त्याची झोप उडाली. झिपरूच्या रिक्षात अख्खं नाशिक बसत होतं. उद्या कोणी सरांनाच कितवा दिवस म्हणून विचारलं तर? सभेत खरं नाव सांगावं, तर ते विहारापर्यंत पोहोचेल आणि पुढची जागा जाईल. सभाच सोडावी, तर हात पुन्हा थरथरू लागेल.

तीस दिवस उलटल्यावरच्या मंगळवारी निसारभाईंनी खिशातून एक बिल्ला काढला. "बुद्धभूषणभाऊ, या पुढे. एक महिना!"

टाळ्या पडल्या. पुंजाराम बाकातून कसाबसा निघून फळ्यापाशी उभा राहिला. खोकला आला.

"आराम से, भाऊ," निसारभाई म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

त्याने पुरतं खोकून घेतलं.

"बुद्धभूषण सरांनी जन्मात थेंब घेतलेला नाही," तो म्हणाला. "त्यांचे दिवस मोजायचे तर सत्तर वर्षं होतील. हे पस्तीस दिवस माझे आहेत. मी पुंजाराम. दारुडा."

"आयला, मग मी सिग्नलला हाक मारली कोणाला?" झिपरू म्हणाला.

"गप रे," निसारभाई म्हणाले.

मग सगळे एका सुरात म्हणाले, "नमस्कार, पुंजाराम!" विहारातल्या माणसांसारखेच, पोटातून. नाव खिडकीतून खाली गल्लीत गेलं.

खाली एक दुचाकी थांबली.

पुंजाराम बिल्ला मुठीत आवळून ऐकत राहिला. रविवार पाच दिवसांवर होता. गाडी पुन्हा सुरू झाल्याचा आवाज काही येईना. तो खिडकीकडे गेला नाही. गुडघे तिरके करून बाकात बसला, आणि शेजारच्याच्या पाळीला बाकीच्यांबरोबर मोठ्याने नमस्कार म्हणाला.