बाबा फोनला विचारायचे

बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनशीही ओरडूनच बोलतात. टाइप करायला त्यांना जमत नाही. माइकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं, एवढं मीच शिकवलं होतं, जुनी नाट्यगीतं शोधता यावीत म्हणून. पुढे प्रभादेवीच्या आमच्या घरात त्यांच्या तब्येतीची बातमी आम्हाला अशीच कळायला लागली. बाल्कनीतून आवाज यायचा, "उजवा हात थरथरतो. कशामुळे?" आई पोळी लाटायची थांबून ऐकायची. विचारलं की म्हणायचे, "कुठे काय? सहज विचारत होतो."

मी ऑफिसातून आले की आई दारातच आजचा प्रश्न सांगायची. मग जेवताना मी त्यांचा हात बघायची. वाटी उचलली की वरण सांडायचं आणि ते वाटीला नावं ठेवायचे. डॉक्टरांचा विषय काढला की, "बघू पुढच्या आठवड्यात."

मीही शोधायला लागले होते, ऑफिसात, डबा खाताना. कुठलंही पान उघडलं तरी पहिल्या दोन ओळींत कंपवात. थोरल्या काकांना तोच झाला होता. शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा. मी पान बंद करायची, दुसरं उघडायची, पुन्हा तेच. वाचून वाचून नुसतं दमायला व्हायचं. घरी आईला मात्र म्हणायची, "काही नाही गं, अशक्तपणा असेल."

एका सकाळी बाबा चक्कर येऊन बाथरूमच्या दारातच खाली बसले. परळच्या हॉस्पिटलात नेलं. बीपी खूपच वाढलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बीपीची गोळी घेताय ना?"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "बंद केली. एका व्हिडिओत सांगितलं, गोळीनेच हात थरथरतात. त्यापेक्षा दुधीचा रस प्या."

रस ते रोज प्यायचे. आईला वाटायचं, पोटासाठी घेतात. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. असं रोजच ऐकत असणार. बीपी उतरल्यावर त्यांनी बाबांना हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं, कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली. ती वेडीवाकडी आली. ती बघून म्हणाल्या, "हा कंपवात वाटत नाही. काही धरलं, उचललं की होणारी थरथर आहे ही. वयाने वाढते. औषध देते, पण बीपीची गोळी सोडायची नाही."

टॅक्सीत मी विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घाबरता. फोन घाबरत नाही."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुला काय वाटलं होतं?"

"काकांचं."

"मलाही."

सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत होती फक्त झोप, आणि अजून ऑफिस बाकी होतं.

आता गोळी आई समोर उभी राहून देते. औषधाने हाताला थोडा फरक आहे, थोडाच. चहा आम्ही अर्धा कपच भरतो. तेवढा संपला की ते कप पुढे करतात, आणि जी जवळ असेल ती उरलेला ओतते.