दोनशे चौदा मिलिमीटर

अमडापूरकडून येणारी एसटी आमच्या शाळेपुढे सव्वाआठला थांबते. तिच्यातून कोण उतरलं, कोण चढलं, याच्याशी कलाबाई गवईंना काही देणंघेणं नसतं. झाडू भिंतीला टेकवून त्या तोवर पर्जन्यमापकाच्या कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिलेल्या असतात. पावसाचं माप सकाळी साडेआठला घ्यायचं असा सरकारी नियम आहे. या देशात एक तरी नियम कुणीतरी पाळतं, हे मी एकोणीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं.

कलाबाई शाळेच्या शिपाई. मी मार्तंड, तिथला मुख्याध्यापक. एक गोष्ट आधीच कबूल करतो. पावसाच्या वहीवर सही माझी असायची, कारण कागदोपत्री निरीक्षक मी होतो. माप घ्यायच्या त्या. मला सकाळी लवकर आवरायचा कंटाळा, हे खरं कारण. बाकीची कारणं मी वेळोवेळी तयार केली.

मापाचा काचेचा ग्लास लहान, वीस मिलिमीटरचा. जास्त पाऊस झाला की तो भरायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा आणि मोजत राहायचं. एका वर्षी मध्येच कुणीतरी हाक मारली आणि घोळ झाला. ग्लास तीन झाले की चार? पाणी तर मातीत ओतून टाकलेलं. मी म्हणालो, चार लिहून टाकू, कोण बघतंय. कलाबाई म्हणाल्या, "गुरुजी, जे मोजलंच नाई ते लिवता कसं?" त्या दिवसाचा रकाना कोरा राहिला. वरून खुलासा मागवला, तो मी दिला आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. तेव्हापासून त्यांनी स्वतःची पद्धत पाडली. मोजलेलं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये ठेवायचं आणि आकडा वर मान्य झाल्यावरच झाडाला घालायचं. नियमावलीत असलं काही नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये एका पहाटे तीन तास नुसता कोसळत होता. साडेआठला कलाबाईंनी मापक उघडलं, तर आतली बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरलेलं. तेही त्यांनी मोजलं. दहा ग्लास पूर्ण आणि अकराव्यात चौदा. दोनशे चौदा मिलिमीटर. आमच्या वहीत त्याआधीचा सगळ्यात मोठा आकडा एकशे एकतीस होता.

चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातून चिन्मय नावाचे तरुण साहेब लॅपटॉप घेऊन आले. माणूस सभ्य होता, हीच पंचाईत. उद्धट असता तर मला दोन शब्द तरी सुनावता आले असते. ते म्हणाले, "सर, सहा किलोमीटरवरच्या स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्रात फक्त शेहेचाळीस आहेत. तुमचा आकडा संगणक घेतच नाही. इतका पाऊस इथं आजवर पडलेला नाही. ग्लास मोजताना चूक झाली असेल. आकडा खोडून इथं सही करा, मी रकाना कोरा पाठवतो."

कलाबाई त्या दिवसाच्या पाण्याचा कॅन घेऊन आल्या. साहेबांसमोर पुन्हा ग्लास भरले. दोनशे चौदा. साहेब खाली बघत म्हणाले, "मावशी, हे पाणी नळाचंही असू शकतं ना."

कलाबाईंचा चेहरा उतरला. माझं डोकं तापलं, पण डोकं तापूनही हात पेनाकडेच गेला. हे लिहिताना आजही लाज वाटते. "जाऊ द्या कलाबाई," मी म्हणालो, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅपटॉपवर एक आलेख उघडा होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "साहेब, हे काय होय?"

"पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज आहे, मावशी. पावसाचे दिवस कमी होतील, पण पडेल तेव्हा फार जोराचा पडेल."

"हे कायच्यावरून काढता?"

"जुन्या नोंदींवरून."

"मंग इतका पाऊस इथं कधी पडला नाई म्हणून माही नोंद काटता. ते काटली का पुढं पाहनाऱ्याले इथं कधी पडलाच नाई असं दिसन. तुमचाच अंदाज खरा होऊन माह्या बाटलीत आला, आन् तुमालेच खपून नाई राह्यला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "यंत्राले कोनी खोटं म्हनत नाई, मले म्हनता. काऊन? या वहीत एक रकाना कोरा हाय, थो मीच ठेवला. मी खोटं लिवनारी असती तं थो भरला असता."

मग कलाबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, वही तुमच्या नावाची हाय. करा सही. पन उद्यापासून साडेआठले तुमीच या."

मी पेनाचं टोपण लावलं. साहेबांनी वहीची पानं मागे उलटून तो कोरा रकाना शोधला आणि ते म्हणाले, "ठीक आहे, आकडा राहू द्या. पण वरून विचारणा होणार. हे कुणी मोजलं ते शेऱ्यात लिहून द्या."

मी पेन पुन्हा उघडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत खरं नाव लिहिलं : 'मोजमाप कलाबाई गवई यांनी केले.' आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं.

"कलाबाई पुंजाजी गवई लिवा," त्या म्हणाल्या. "गावात गवई लय हायेत. कोनाले जाब इचारायचा असन, तं माहंच घर सापडलं पाह्यजे."